जंगलातला कार्बन मोजतात कसा? हिरवं दिसलं म्हणजे साठा वाढला असं नाही

खानापूर, चंदगड, दोडामार्ग, सत्तरी. तालुके तीन राज्यांत, सह्याद्रीचं जंगल मात्र एकच. या जंगलात कार्बन किती आहे, तो वाढतोय की घटतोय, हे ठरवण्याची पद्धत समजून घेऊ.

साठ्याचे पाच कप्पे

जमिनीवरचं झाड, मुळं, वाळून पडलेलं लाकूड, पालापाचोळा आणि माती, असे पाच कप्पे धरतात. भारतात सर्वांत मोठा वाटा मातीचा आहे. भारतीय वन सर्वेक्षणाच्या २०२३ च्या अहवालानुसार देशातल्या जंगलांत ७२८.५५ कोटी टन कार्बन आहे. २०२१ च्या तुलनेत वाढ ८.१५ कोटी टन, म्हणजे जेमतेम एक टक्का. फरक इतका बारीक असला की मोजणीतली छोटी चूकही महागात पडते.

टेपपासून हिशेबापर्यंत

झाड न तोडता जमिनीपासून १.३७ मीटर उंचीवर बुंध्याचा घेर मोजतात. उंची आणि लाकडाची घनता धरून सूत्राने कोरडं वजन काढतात. त्यातला सुमारे ४७ टक्के भाग कार्बन.

उदाहरण घ्या. घेर ९४ सेंटिमीटर, उंची १५ मीटर, घनता ०.६. उष्ण कटिबंधासाठी वापरल्या जाणाऱ्या २०१४ च्या सूत्राने वजन येतं साधारण ४४० किलो, कार्बन २०६ किलो. पुढच्या खेपेला टेप थोडी खाली लागली आणि घेर ९७ भरला, तर झाड तसूभर न वाढताही कागदावर सुमारे सव्वासहा टक्के वाढ! म्हणून झाडाला क्रमांक देऊन, मोजण्याच्या जागी रंगाची खूण करून तेच झाड पुन्हा मोजणं सर्वांत भरवशाचं.

नावाचंही तसंच. मराठीतला ऐन म्हणजे कन्नडमधला मत्ती. याद्या जुळवताना गोंधळ झाला तर घनता चुकते आणि पुढचा सगळा हिशेबही.

उपग्रहाला काय दिसतं?

साध्या छायाचित्रात पानांचं आच्छादन दिसतं, बुंध्याची जाडी नाही. आपल्याकडे एक हेक्टरपेक्षा मोठ्या जमिनीवर १० टक्के आच्छादन असलं की ते वनाच्छादन, मग ती बाग असो वा लागवड. ४० ते ७० टक्के म्हणजे मध्यम घनदाट. समजा मोठी झाडं तुटून आच्छादन ६८ वरून ४२ टक्क्यांवर आलं, तरी वर्ग तोच राहतो. क्षेत्र जसंच्या तसं, कार्बन मात्र गेला.

इथे रडार उपयोगी पडतं. ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोटाहून सुटलेल्या 'निसार' उपग्रहाच्या लांब लहरी ढग आणि पानं ओलांडून फांद्या-बुंध्यांपर्यंत जातात. हेक्टरी सुमारे १०० टनांपर्यंत लाकूडफाटा असलेल्या विरळ पानझडी रानात त्या चांगला अंदाज देतात. घाटातल्या दाट जंगलात मात्र त्यांना फरक ओळखता येत नाही. ओल्या मातीनेही संकेत बदलतो, त्यामुळे पावसाळ्यातल्या नोंदीशी उन्हाळ्यातली नोंद ताडून चालत नाही.

आकडा वाचताना

कुठल्याही जंगलाचा कार्बन वाढल्याचा दावा समोर आला की चार गोष्टी पाहाव्यात. दोन्ही वेळा तेच भूखंड मोजले का? हंगाम एकच होता का? मातीचा कप्पा धरलाय का? आणि चुकीची शक्यता किती टक्के सांगितली आहे? सांगितलेली वाढ त्या टक्केवारीपेक्षा कमी असेल, तर जंगल वाढलं असं म्हणता येत नाही.