बाईनं विणलेलं घर

इतिहासाच्या या भागात आपण आज लांबच्या वाळवंटात जाणार आहोत. अरबस्तान, जॉर्डन, सीरिया, इराक या भागांत उंट, शेळ्या-मेंढ्या घेऊन फिरणारे जे लोक होते, त्यांना बेदुईन म्हणतात. पाऊस पडेल, चारा उगवेल तिकडे ते पावसाळी थंडीत वाळवंटात आत जात. उन्हाळा कडक झाला की विहिरींजवळ आणि गावांच्या कडेला परत येत. तूप, लोकर, उंट विकायचे आणि धान्य, खजूर, कापड घ्यायचं, असा त्यांचा बाजार.

त्यांचं घर म्हणजे काळा तंबू. अरबीत त्याला 'केसांचं घर' म्हणतात, कारण तो शेळीच्या केसांचा असतो. हे घर बायका विणत. केस पिंजायचे, चातीवर सूत कातायचं, जमिनीवर आडवा माग मांडायचा आणि हरणाच्या शिंगानं धागा ठोकून घट्ट बसवायचा. दीडेक हात रुंदीचे लांब पट्टे विणून ते एकमेकींना शिवले की छप्पर तयार. पाऊस आला की हे केस फुगतात आणि वीण घट्ट होते. ऊन पडलं की वीण मोकळी होऊन वारा खेळतो. हे शहाणपण कुठल्या शाळेतलं नव्हतं, आईकडून लेकीकडे आलेलं होतं.

मुक्काम हलवायचा म्हणजे तंबू उतरवायचा बायकांनी, आणि नव्या जागी उभाही करायचा बायकांनीच. शिवाय पाणी, सरपण, भाकरी, कातडी पखालीत दही घुसळून लोणी काढणं, ताक वाळवून त्याचे गोळे करून ठेवणं, ही कामं होतीच.

तंबूत मधोमध एक पडदा असे. एका बाजूला बायका, मुलं आणि चूल. दुसऱ्या बाजूला पुरुष आणि पाहुणे. आलेल्या पाहुण्याला तीन दिवस ठेवून घ्यायची रीत होती, मग तो अनोळखी का असेना. कॉफी तिकडेच उकळे, आणि भांडणांचे निवाडे, मुक्कामाचे निर्णयही तिकडेच होत. तो पडदा सर्वांत सुंदर नक्षीचा असे आणि बाईनेच विणलेला असे. म्हणजे घर तिच्या हातचं, पण बैठक पडद्यापलीकडची. बाहेरून आलेले बहुतेक प्रवासी पुरुष होते आणि ते पाहुण्यांच्या बाजूला बसले. म्हणून पुस्तकांत उंट, शौर्य आणि कॉफी भरपूर सापडते, मागावर बसलेली बाई मात्र थोडी.

मग काळ बदलला. पहिल्या महायुद्धानंतर नव्या देशांच्या सीमा आखल्या गेल्या आणि जुन्या वाटा अडल्या. 1938 साली सौदी अरेबियात आणि कुवेतमध्ये तेल सापडलं. उंटाची जागा ट्रकनं घेतली, सरकारांनी लोकांना एका जागी वसवलं. पक्कं घर आलं, नळ आला, शाळा-दवाखाना जवळ आला. बाईच्या डोक्यावरचा हंडा उतरला, हे चांगलंच झालं. पण घर उभं करणारी म्हणून तिची जी किंमत होती, तीही त्या मागासोबत कोपऱ्यात गेली.

काही ठिकाणी ती परत मिळवली गेली. जॉर्डनमध्ये मुकाविर गावाच्या डोंगराळ भागात 1985 साली बनी हमीदा टोळीच्या बायकांचं विणकाम सुरू झालं. त्याच जमिनीवरच्या मागावर त्या सतरंज्या विणू लागल्या आणि हातात स्वतःचे पैसे येऊ लागले. बेदुईन बायकांच्या 'सदू' विणकामाला युनेस्कोनं 2011 साली, तातडीनं जपायला हवा असा वारसा म्हणून, संयुक्त अरब अमिरातीच्या नावानं यादीत घेतलं. 2020 साली सौदी अरेबिया आणि कुवेतचं सदूही वारशाच्या यादीत आलं.

मैत्रिणींनो, यातून आम्हाला एक गोष्ट पटते. बाईचं काम बघणाऱ्याच्या नजरेत भरलं नाही, तर ते लिहिलं जात नाही. आणि लिहिलं गेलं नाही, तर ते काम होतं हेच लोक विसरतात. म्हणून आपापल्या गटात एक वही याच्यासाठी ठेवू या. आपल्या गावातल्या म्हाताऱ्या बायांना काय काय करता येतं, ते त्यांच्या नावानिशी लिहू या. पडद्याच्या अलीकडचा इतिहास आपणच लिहायचा आहे.