पाण्यामागोमाग समुद्राकडे

सायकलने समुद्रापर्यंत जायचे आणि घाईने जायचे नाही, एवढेच आमचे प्रथम ठरले. आम्ही दोघेही पुण्यात मराठी शिकवतो, दोघेही चाळिशी ओलांडलेले. एकाकडे वडिलांच्या वेळची, कॅरिअर असलेली काळी सायकल आहे आणि दुसऱ्याकडे जुन्या बाजारात घेतलेली गिअरची. आमचे तरुण विद्यार्थी हे अंतर एका दिवसात कापतात आणि रात्री किती तासांत पोचलो ते अभिमानाने सांगतात. आम्ही तीन दिवस आणि दोन मुक्काम धरले. त्यावर प्राध्यापक-कक्षात एका सहकाऱ्याने विचारले, ‘‘इतक्या हळू जाऊन मिळणार काय?’’ प्रश्न थट्टेचा होता. पण नकाशा पुढ्यात घेऊन बसलो तेव्हा तो थट्टेवारी नेण्याजोगा नाही असे दिसू लागले. प्रस्तुत लेख हा त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा प्रयत्न आहे. सहल अजून व्हायची आहे. इतिहास मात्र तिच्या आधीच सुरू झाला.

नकाशा पाहताना पहिली गोष्ट जाणवते ती ही, की पुण्याहून समुद्र सरळ रेषेत जेमतेम शंभर किलोमीटरवर आहे आणि पुण्याच्या नद्या त्याच्याकडे पाठ फिरवून वाहतात. मुळा-मुठा भीमेला मिळते, भीमा कृष्णेला आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. जवळचा समुद्र सोडून पाणी हजाराहून अधिक किलोमीटरचा वळसा घेते. देशावरच्या आपल्या साहित्याची दिशाही पुष्कळशी हीच आहे. पंढरपूर भीमेच्या काठी आहे. वारी पाण्याच्या उताराच्या दिशेने जाते. नद्यांच्या काठाने, पूर्वेकडे आणि दक्षिणेकडे पसरलेली ही भाषा सह्याद्रीच्या कड्यापाशी आली की थांबल्यासारखी होते. कड्याखाली कोकण आहे, त्याचे साहित्यही समृद्ध आहे. पण ‘घाटावरचे’ आणि ‘घाटाखालचे’ हा भेद आपल्या बोलण्यात अजून मुरलेला आहे. समुद्राकडे जायचे म्हणजे पाण्याच्या नैसर्गिक दिशेविरुद्ध जायचे.

हा कडा ओलांडण्याचा इतिहास जुना असला, तरी तो चाकाचा इतिहास नाही, हे आमच्या ध्यानात जरा उशिराच आले. नाणेघाटातल्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातला हा लेख यज्ञांची आणि दानांची यादी देतो. घाटमाथ्यावरच्या दगडी रांजणाला लोक जकातीचा रांजण म्हणतात. पण ती वाट पायऱ्यांची आहे. तिच्यावरून माणसे गेली, लमाणांचे बैल गेले, खालून मीठ वर आले, वरून धान्य खाली उतरले. गाडी मात्र गेली नाही. बोरघाटाचा रस्ता गाड्यांसाठी खुला झाला तो १८३० मध्ये, जॉन माल्कम मुंबईचा गव्हर्नर असताना. त्याच घाटातून आगगाडी जाऊ लागली १८६३ मध्ये. म्हणजे ज्या चाकावर बसून आम्ही निवांतपणे उतरण्याचे बेत करीत आहोत, त्याला या डोंगरात प्रवेश मिळून दोनशे वर्षेही झालेली नाहीत. त्यापूर्वीची दोन हजार वर्षे बैलांच्या पाठीवर आणि माणसांच्या डोक्यावर गेली.

‘निवांत’ हा शब्द इथे अडखळतो. आपल्या परंपरेत हळू जाण्याला तोटा नाही. वारी हळूच जाते, परिक्रमा हळूच होते. पण त्या हळूपणाला काही प्रयोजन असते. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये उत्तरेकडे निघाले ते घरावरचे कर्ज फेडण्यासाठी. मथुरेच्या यज्ञात दक्षिणा मिळेल ही आशा होती. वाटेत त्यांना बंड दिसले, झाशी दिसली आणि १९०७ मध्ये छापून आलेल्या ‘माझा प्रवास’मधून ती आपल्यालाही दिसली. गोडसे पायी गेले म्हणून त्यांना पाहता आले, हे खरे. पण पाहण्यासाठी ते पायी गेले नव्हते. केवळ जाण्यासाठी जाणे, आणि तेही सावकाश, ही चैन आहे. महिन्याचा पगार नियमित मिळणाऱ्यांची चैन. ती वाईट आहे असे आम्हांस म्हणायचे नाही. ती आहे एवढे मान्य करून पुढे जावे.

आता घाट कोणता? बोरघाटात अवजड वाहनांची वर्दळ. वरंध्याचा रस्ता सुंदर, पण आमच्या गुडघ्यांच्या मानाने लांबचा. उरला ताम्हिणी. पिरंगुटचा छोटा घाट सोडला तर पौडपर्यंत चढ बेताचा. पुढे माले, मुळशीचा तलाव, तलावाच्या काठाकाठाने ताम्हिणी आणि मग विळ्यापर्यंत उतार. ब्रेकचे रबर नवे घालायचे, पंक्चरचे सोल्यूशन, पाना आणि पंप बरोबर घ्यायचा, पावसाळ्यातली गर्दी ओसरल्यावर, दिवाळीनंतर निघायचे. ताम्हिणीची निवड झाली ती अशा सोयीच्या कारणांनी. नकाशावर बोट फिरवताना मात्र ते निळ्या डागापाशी थांबले आणि आम्हां दोघांना एकाच वेळी एक जुना प्रसंग आठवला.

काही वर्षांपूर्वी पदवीच्या पहिल्या वर्षाला मुळशी तालुक्यातला एक विद्यार्थी होता. ‘माझे गाव’ या विषयावरच्या निबंधात त्याने पहिलेच वाक्य लिहिले : ‘आमचे गाव पाण्यात आहे.’ वही आमच्यापैकी एकाने तपासली. ‘आहे’खाली लाल रेघ ओढून वर ‘होते’ लिहिले. दुसऱ्याने ती दुरुस्ती पाहिली आणि तिला मान हलवली. गाव बुडून कितीतरी दशके लोटली, तेव्हा भूतकाळच योग्य, असा आमचा व्याकरणशुद्ध विचार. मुलगा काही बोलला नाही.

त्या निळ्या डागाचा इतिहास थोडक्यात असा. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती. टाटांच्या कंपनीने सह्याद्रीच्या माथ्यावर पाणी अडवून ते कोकणात सोडायचे आणि त्या उंचीच्या बळावर वीज निर्माण करायची अशी योजना आखली. खोपोलीचे वीजकेंद्र १९१५ मध्ये सुरूही झाले होते. पुढची पाळी मुळा-निळेच्या खोऱ्याची आली. भूसंपादनाचा १८९४ चा कायदा सरकारने कंपनीच्या मदतीस दिला. पन्नासएक गावांच्या भातखाचरांवर पाणी येणार होते. १९२१ च्या एप्रिल महिन्यात, रामनवमीच्या दिवशी मावळ्यांनी सत्याग्रह आरंभला. पांडुरंग महादेव बापट ‘सेनापती’ झाले ते याच लढ्यात. तो पुढे तीन वर्षे कमी-अधिक जोराने चालला. बायकाही तुरुंगात गेल्या. १९२४ च्या अखेरीस बापटांनी धरणाच्या कामाची रेल्वे सशस्त्र अडवली आणि दीर्घ कारावास पत्करला. धरण झाले.

राजेंद्र व्होरा यांनी या लढ्याचा सविस्तर अभ्यास मराठीत आणि इंग्रजीत मांडला आहे. त्यातली एक बाब आम्हां पुणेकरांना विशेष बोचणारी आहे. बुडणाऱ्या जमिनींपैकी पुष्कळ कागदोपत्री पुण्याच्या सावकारांकडे होत्या. कसणारे मावळे होते. लढ्याचे पुढारीही पुण्याचेच. जमीन गेली तर मोबदला मिळतो हे सावकाराला पुरेसे होते, कुळाला नव्हते. सावकाराच्या दृष्टीने जमीन ही किंमत होती. मावळ्याच्या दृष्टीने गाव. एकाच शेताचे हे दोन अर्थ होते आणि निर्णय पहिल्या अर्थाने झाला. आपण अर्थबहुलतेवर व्याख्याने देतो, परंतु एका शब्दाचे दोन अर्थ असले म्हणजे दोन्हींना सारखे बळ असते असे नाही, हे मुळशीइतके स्पष्ट क्वचितच दिसते.

याच काळातली दुसरी एक घटना इथे सहज शेजारी येऊन बसते. १९२३ च्या ऑक्टोबरात मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलने जगप्रदक्षिणेला निघाले. त्यांपैकी अदी हकीम, जाल बापसोला आणि रुस्तुम भुमगरा हे तिघे ती पुरी करून १९२८ मध्ये परतले. सायकलवरच्या मराठी गप्पांत त्यांचा पराक्रम कौतुकाने सांगितला जातो आणि तो सांगावाच. पण ते वाळवंटे ओलांडत होते तेव्हा मुंबईपासून काही कोसांवर माणसे आपल्याच बांधावरून उठवली जात होती. १९२७ मध्ये भिऱ्याचे वीजकेंद्र सुरू झाले. परतणाऱ्या वीरांच्या शहरात मुळशीचे पाणी वीज होऊन पोचले होते. जगभर हिंडण्याचे स्वातंत्र्य आणि जागेवर राहण्याचे स्वातंत्र्य ही दोन वेगळी स्वातंत्र्ये आहेत. प्रवासवर्णनांच्या अभ्यासात आपण पहिल्याचाच इतिहास लिहीत आलो.

भिऱ्याचे नाव आल्यावर आमच्या मार्गाचे सूत्र आपोआप सापडले. मुळशीचे पाणी सह्याद्रीच्या पोटातून सुमारे पाचशे मीटर खाली पडते, भिऱ्याला झोते फिरवते आणि कुंडलिका नदीत सोडले जाते. कोलाडजवळ डोलवहाळच्या बंधाऱ्यावर ते अडते, कालव्यांनी भाताला जाते. उरलेले रोह्यावरून खाडीला आणि रेवदंड्याला समुद्रास मिळते. जे पाणी भीमेतून पंढरीच्या वाटेला लागायचे ते अरबी समुद्राला जाते. भीमेच्या खोऱ्यातले लोक हे पाणी परत मागत आले आहेत. आणि खाली कुंडलिकेच्या काठची उन्हाळी शेती त्याच पाण्यावर उभी आहे. कोकणातल्या ज्या शेतकऱ्याने मुळशी कधी पाहिली नाही, त्याचे दुसरे पीक मुळशीचे आहे. बरेवाईट ठरवणे सोपे राहत नाही ते इथे.

आम्ही या पाण्यामागोमाग जायचे ठरवले. पहिला मुक्काम ताम्हिणीच्या आसपास. दुसऱ्या दिवशी घाट उतरून, विळ्याहून वाट थोडी वाकडी करून भिरा; मग कोलाड आणि रोहा. तिसऱ्या दिवशी पहाटेच निघायचे, कारण दुपारी खारा वारा समुद्राकडून तोंडावर येतो आणि सपाट रस्ताही चढासारखा होतो. शाळेच्या भूगोलातले खारे वारे आणि मतलई वारे पायांनी समजून घेण्याची ही वेळ. सगळे मिळून दीडशे किलोमीटरच्या आसपास.

शेवटी चौल-रेवदंडा. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी याच चौलला उतरला, विकायला घोडा घेऊन. त्याने लिहून ठेवलेला हिशेब असा : चौलहून पाली आठ दिवस, पालीहून उमरी दहा, तिथून जुन्नर सहा. ज्या दोन प्रदेशांमध्ये आज काही तासांचा रस्ता आहे, तिथे त्याला चोवीस दिवस लागले; त्या मानाने आमचे तीन दिवस म्हणजे उतावीळपणाच. जुन्नरच्या खानाने घोडा काढून घेतला. तो परत मिळेपर्यंत निकितीनला आपला धर्म जातो की राहतो याची धास्ती होती. त्याच्या रशियन मजकुरात मध्येच फारसी-तुर्की शब्द येतात, प्रार्थनासुद्धा त्या मिश्र भाषेत येते. परक्या मुलखात हळू जाणाऱ्याची भाषा बदलते, याचा हा पुरावा.

खाडीपलीकडे कोर्लईच्या किल्ल्याखाली ख्रिस्ती वस्ती आहे. पोर्तुगीज सत्ता इथून १७४० मध्ये गेली. त्यांच्या भाषेतून आणि मराठीतून घडलेली एक बोली तिथल्या घरांत त्यानंतरही पिढ्यान् पिढ्या बोलली गेली. बोलणारे तिला ‘नौ लिंग’ म्हणतात, म्हणजे ‘आमची भाषा’. राज्य बुडाले म्हणून तिथे कोणी ‘आहे’चे ‘होते’ केले नाही.

तेव्हा हळू जाऊन मिळणार काय, याचे उत्तर आमच्यापुरते असे : एक दुरुस्ती मागे घेण्यास लागणारा वेळ. मोटारीतून तलाव दहा-वीस मिनिटांचे दृश्य असतो. काचेपलीकडे चकाकतो आणि संपतो. सायकलवर तो अर्धा दिवस उजव्या-डाव्या हाताला राहील, आणि हे सुंदर आहे असे म्हणताना प्रत्येक वेळी जीभ किंचित थांबेल. तेवढ्याने कोणाची जमीन परत येत नाही, हे आम्हांस पुरते ठाऊक आहे. पण आम्ही वाक्यांचे शिक्षक आहोत, आणि त्या वाक्याच्या बाबतीत चूक विद्यार्थ्याची नव्हती.

तो मुलगा आता कुठे असतो ते आम्हांस माहीत नाही. मालेपाशी पहिला चहा घ्यायचा आणि तिथल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला बुडालेल्या गावांची नावे विचारायची, सांगेल तितकी वहीत उतरवून घ्यायची, असे बेतात लिहिले आहे. क्रियापद कोणते वापरायचे ते सांगणारा ठरवील.