तलवार ठेवून लेखणी धरणारा कॅप्टन

ग्रँट डफचे नाव निघाले, की मराठी माणसाच्या कपाळाला हमखास आठी पडते. माझ्याही पडे. मराठ्यांच्या उदयाला सह्याद्रीवरच्या वणव्याची उपमा देणारा हा साहेब! नीलकंठ जनार्दन कीर्तने यांनी विद्यार्थीदशेतच पुण्यात निबंध वाचून त्याच्या चुका दाखविल्या. १९०० साली न्यायमूर्ती रानड्यांनी त्या वणव्याचा समाचार घेतला. मीही डफ प्रथम वाचला तो चुका शोधायलाच. दुसऱ्या खेपेस तळटीपा वाचल्या, आणि माणूस दिसू लागला.

जेम्स ग्रँट हा १७८९ साली स्कॉटलंडातील बँफ गावी जन्मला. ‘डफ’ हे नाव मागाहून, वारशाबरोबर आले. मुलकी नोकरीची वाट पाहण्याचा धीर नव्हता, म्हणून १८०५ साली लष्करात कॅडेट होऊन तो मुंबईस निघाला. १८०८ साली काठेवाडातील मालियाच्या गढीवरील हल्ल्यात त्याच्या तुकडीतले बहुतेक लोक कापले गेले, हा वाचला. पुढे फारसी शिकला, एल्फिन्स्टनच्या नजरेत भरला, आणि १८१७ साली पेशवाईविरुद्धच्या युद्धात लढला.

खरी गंमत पुढेच आहे. १८१८ साली या अठ्ठावीस-एकोणतीस वर्षांच्या शिपाईगड्याला साताऱ्यास नेमले. प्रतापसिंह महाराज गादीवर, कारभार याच्या हाती. तो १८२२ साली त्याने महाराजांना सोपविला. कामातून उरलेल्या वेळात त्याने कागद जमविले. महाराजांनी आपले दप्तर त्याला मोकळे करून दिले. ज्यांचे राज्य बुडविले त्यांचीच कागदपत्रे हा माणूस उतरवून घेत होता, आणि तीही त्यांच्याच मर्जीने! याला काय म्हणावे, ते मला अजून नीट सुचलेले नाही.

प्रकृती ढासळली, तो मायदेशी परतला. ग्रंथाच्या नावातून मराठे काढा, असे एका प्रकाशकाने सुचविले. मराठे कोण, हे विलायतेत कुणाला ठाऊक? डफने ऐकले नाही. १८२६ साली दुसरीकडून तीन खंड निघाले, आणि पदरचे पैसे गेले. कॅप्टन डेव्हिड केपन यांनी त्याचे मराठी भाषांतर केले, तेव्हा आपला इतिहास आपल्या भाषेत असा सलग छापून आपल्या हाती आला. कीर्तन्यांना खोडून काढायला काही मिळाले, ते त्यामुळेच.

१८३९ साली कंपनीने त्याच प्रतापसिंहांना पदच्युत करून काशीस धाडले. तेथेच १८४७ साली ते वारले. पुढच्याच वर्षी सातारा खालसा झाला. डफ तेव्हा स्कॉटलंडात आपली ईडनची जमीन सुधारीत होता. १८५८ साली तो वारला. मुलाचे नाव त्याने माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन ठेवले होते. तो १८८१ साली मद्रासचा गव्हर्नर होऊन आला.