नगरची थंडी आणि हलव्याचा काटा

इतिहास लिहिणारे लोक किल्ल्यांच्या तटांस आणि तहांच्या कलमांस जितका मान देतात तितका ऋतूंस देत नाहीत. अहमदनगर, म्हणजे सन २०२४ पासूनचे अहिल्यानगर, म्हटले की १४९० साली अहमद निजामशहाने सीनेच्या काठी वसविलेले शहर, चांदबिबीचा पराक्रम आणि तो भुईकोट किल्ला एवढ्यावर आपली समजूत पुरी होते. या शहराच्या थंडीलाही इतिहास आहे असे म्हटल्यास वाचक कदाचित हसतील. तथापि त्या थंडीच्या आश्रयाने वाढलेली एक घरगुती कारागिरी येथील वाड्यांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. तिच्याविषयी चार शब्द लिहिण्याचे आम्ही योजिले आहे. ती कारागिरी म्हणजे संक्रांतीचा काटेरी हलवा.

नगरचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसहाशे मीटर उंचीवर असून सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येते. पावसाची जी ओढ येथील शेतकऱ्याला रडविते, तीच पौषात हलवा करणारीच्या कामी पडते, हा दैवाचा विचित्रच न्याय होय. हवा कोरडी, आकाश निरभ्र. सूर्य मावळला की जमिनीतील ऊब भराभर निघून जाते, आणि पहाटेस असे हिंव पडते की हौदातील पाण्यात हात घालवत नाही. पश्चिमेकडे अकोले तालुक्यात, १६४६ मीटर उंचीच्या कळसूबाईच्या परिसरात, थंडीचा कडाका याहून अधिक. शेतावरची माणसे घोंगडी पांघरून शेकोटीभोवती बसतात. आणि नेमक्या याच वेळी वाड्यातील स्वयंपाकघरात शेगडी पेटत असे.

हलव्याची कृती सांगावयास सोपी आणि करावयास महाकठीण आहे. परातीत तीळ, खसखस किंवा साबुदाणा घ्यावयाचा. कोणी वेलदोड्याचे दाणे, लवंगा, मगजबीही घेत. परातीखाली राखेने अर्धवट झाकलेले निखारे. साखरेचा पाक दूध घालून, मळी काढून स्वच्छ केलेला. त्यातला चमचाभर दाण्यांवर सोडावयाचा आणि बोटांच्या अग्रांनी दाणे हलक्या हाताने फिरवीत राहावयाचे. तो सुकला की पुन्हा चमचाभर. असे तासन्‌तास, आणि एक दिवस नव्हे, चांगले पाच-सात दिवस. पाकातील पाणी कोरड्या हवेत उडून जाते व साखर दाण्यावर कणाकणाने बसते. बसलेल्या कणाच्या टोकावर पुढचा कण बसतो, आणि काटा उगवतो. हवेत ओल असली म्हणजे पाक वेळेवर सुकत नाही आणि दाणे एकमेकांस चिकटतात. विस्तव अधिक झाला की साखर पिवळी पडते. हात जड पडला तर आलेला काटाही मोडतो. मुंबईच्या दमट हवेत काटा बोथट राहतो, ही तेथे राहावयास गेलेल्या नगरच्या लेकींची तक्रार मुळीच निराधार नव्हती.

आता साखरेचे पाहू. खेड्यापाड्यांतून संक्रांत साजरी होई ती गूळ आणि तीळ यांनी. भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि मिसळीची भाजी झाली की सण झाला. पांढऱ्या साखरेचा हलवा ही थोड्या घरांची चैन होती, हे नमूद केलेच पाहिजे. ती साखर येई समुद्रापलीकडून. मॉरिशसच्या साखरेस ‘मोरस’ हे नाव मराठीत रूढ झाले ते याच व्यापारामुळे. १८७८ साली दौंड-मनमाड लोहमार्ग सुरू झाल्यावर ती नगरच्या पेठेत आगगाडीने उतरू लागली. पुढे १९०५ च्या वंगभंगानंतर स्वदेशीचे वारे सुटले आणि परदेशी साखरेवर बहिष्कार पुकारला गेला. ती साफ करण्यास हाडांचा कोळसा वापरतात, ही वार्ता तर सोवळ्या घरांस देशभक्तीहूनही अधिक झोंबली. सुवासिनींच्या हातावर ठेवावयाचा हलवा असल्या साखरेचा कसा करावा, हा प्रश्न सभेत नव्हे, चुलीपुढे सोडवावा लागला. देशी साखर मळकट. तिच्या हलव्याला शुभ्रपणा कोठून येणार? त्यानंतरची गंमत अशी की, १९२६ साली भंडारदऱ्याचे धरण पुरे झाले, प्रवरेच्या कालव्यांवर ऊस फोफावला, आणि १९५० च्या सुमारास प्रवरानगरचा सहकारी कारखाना चालू झाला. परक्या साखरेवर हलवा करणारा जिल्हा स्वतःच साखरेचा जिल्हा बनला.

नाताळाच्या सुट्टीत मुले मोकळी असत. अमेरिकन मिशनने १८३१ साली येथे आपले ठाणे मांडल्यामुळे हा सण नगरला परका राहिला नव्हता. येथील मराठी ख्रिस्ती घरांत नाताळाच्या फराळाला करंज्याही होत. आम्हां मुलांकडे सुट्टीत काम असे ते दागिन्यांचे. हलव्याचा दाणा सुईने टोचता येत नाही, फुटतो. म्हणून दोऱ्याच्या फासात एकेक दाणा पकडून गाठ मारावयाची. बोटे थंडीने बधिर झालेली, गाठ नीट बसत नसे, आणि निसटलेला दाणा तोंडात जाई तो नेहमीच चुकून! बिंदी, तन्मणी, बाजूबंद, पाटल्या, कंबरपट्टा असा सारा साज पहिल्या संक्रांतीला नव्या सुनेस काळ्या चंद्रकळेवर घालीत. तान्ह्या मुलाच्या बोरनहाणालाही असाच साज लागे.

या साजाची मापे हीदेखील इतिहासाची साधने होत. १९२९ चा शारदा कायदा पुढील वर्षी अमलात येण्यापूर्वी नवी सून पुष्कळदा आठ-दहा वर्षांची असे. तिच्या मनगटाभोवती दोरा धरून घेतलेले पाटलीचे माप केवढे असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी. मुलांच्या घोळक्यात बसून दाणे ओवावयाचे जिचे वय, ती ते दाणे अंगावर घालून पाटावर निमूट बसे.

आणि हलवा करी कोण? आमच्या वाड्यात एक सोवळ्या आत्याबाई होत्या. लहानपणीच वैधव्य आलेले. पहाटे तीनला उठून त्या परातीपुढे बसत. त्यांच्या बोटांची टोके महिनाभर भाजून गुळगुळीत झालेली असत. त्यांच्यासारखा काटा गल्लीत कोणाच्या हलव्याला येत नसे, आणि शेजारणी आपापले तीळ घेऊन त्यांच्याकडेच येत. हळदीकुंकवाच्या दिवशी मात्र त्या माजघराच्या पलीकडे येत नसत. त्यांना कोणी ‘येऊ नका’ म्हटलेले आम्ही ऐकले नाही. तसे म्हणण्याची गरजच कोणास पडत नसे. अशा किती घरांत किती आत्याबाई या कलेच्या खऱ्या धनी होत्या, याची नोंद कोणत्या दप्तरात सापडावयाची?

वस्तू तरी उरावी, तर तीही नाही. सोन्याचा दागिना पेटीत राहतो, पैठणी घडीत राहते. हलव्याचा साज अंगावरून उतरला की त्याच संध्याकाळी मुलांत वाटला जाई. कोणी हौसेने जपून ठेवलाच, तर मुंग्या आणि आषाढातील ओल त्याचा निकाल लावीत. आत्याबाईंच्या वाट्याला परातीच्या तळाशी राहिलेला काट्यांचा चुरा येई. तो त्या दुधात घालून घेत आणि उरलेले निखारे दुसऱ्या पहाटेसाठी राखेखाली झाकून ठेवीत.