कराराची कलमे आणि उपाख्यानाचे स्वातंत्र्य : 'हार्ट्स ऑफ स्टोन' आणि त्वार्दोव्हस्की-कथेची परंपरा

१

उपाख्याने वगळली तर उरणारी भारतसंहिता चोवीस हजार श्लोकांची होते, असे महाभारताच्या आदिपर्वातच सांगितले आहे. मूळ कथानकाला जोडलेला मजकूर संहितेचा घटक मानायचा की तिच्यावर वाढलेले बांडगूळ, हा प्रश्न या नोंदीत गर्भित आहे. नल-दमयंती किंवा सत्यवान-सावित्री यांच्या कथा काढून टाकल्या तरी कौरव-पांडवांच्या वैराचा धागा तुटत नाही. तरीही या कथा लोकमानसात स्वतंत्रपणे नांदत आल्या आणि मूळ संहितेच्या आकलनातही त्यांनी भर घातली. वनवासातील युधिष्ठिराला बृहदश्व ऋषी नलाची कथा सांगतो तेव्हा द्यूतात सर्वस्व गमावलेल्या राजाला आपलेच दुःख दुसऱ्याच्या कथेत ऐकायला मिळते. उपाख्यान एकाच वेळी आश्रितही असते आणि स्वतंत्रही.

कल्पनारम्य भूमिकाप्रधान व्हिडिओ गेम हा कथनप्रकार गेल्या काही दशकांत विकसित झाला. त्यात 'एक्सपान्शन' म्हणून ओळखला जाणारा विस्तार जवळपास हेच स्थान भूषवितो. मूळ खेळ प्रसिद्ध झाल्यानंतर काही महिन्यांनी स्वतंत्र किंमत लावून विकला जाणारा हा जोड-मजकूर प्रथमदर्शनी निव्वळ व्यापारी वस्तू वाटतो. 'ऑब्लिव्हियन' या खेळासाठी २००६ मध्ये घोड्याचे चिलखत वेगळे विकले गेले, त्यावर झालेली टीका या शंकेला पुष्टी देणारीच होती. परंतु त्याच खेळाचा 'शिव्हरिंग आइल्स' (२००७) हा विस्तार मूळ संहितेहून अधिक धाडसी कल्पनाविश्व उभे करणारा ठरला. मुख्य कथेचा भार नसल्यामुळे विस्ताराला आशय आणि घाट या दोन्ही बाबतींत मोकळीक मिळते, हे त्यातून दिसून आले. या मोकळिकीचा सर्वांत अर्थपूर्ण विनियोग पोलंडमधील सीडी प्रोजेक्ट रेड या संस्थेच्या 'द विचर ३ : वाइल्ड हंट' (मे २०१५) या खेळाच्या 'हार्ट्स ऑफ स्टोन' (ऑक्टोबर २०१५) या पहिल्या विस्तारात आढळतो. पुढील वर्षीचा 'ब्लड अँड वाइन' हा विस्तार अधिक विशाल आहे आणि त्याला पुरस्कारही मिळाले. तथापि वाङ्मयेतिहासाच्या दृष्टीने 'हार्ट्स ऑफ स्टोन'चे महत्त्व अधिक आहे. एका देशी दंतकथेची जवळजवळ दोनशे वर्षांची लिखित परंपरा त्यात नव्या माध्यमाच्या नियमांनी पुन्हा रचली गेली आहे.

२

ही दंतकथा पान त्वार्दोव्हस्की या सोळाव्या शतकातील क्राकूवच्या उमरावाची. जादूविद्येच्या लोभाने तो सैतानाला आत्मा विकतो. मात्र रोम शहराखेरीज अन्यत्र आपला आत्मा नेता येणार नाही, अशी अट घालून ठेवतो आणि रोमला कधी जातच नाही. अखेरीस सैतान त्याला एका सराईत गाठतो. त्या सराईचे नाव 'रोम' असते. सैतान त्याला आकाशातून घेऊन जात असता त्याच्या मुखातून प्रार्थना निघते, सैतानाची पकड सुटते आणि त्वार्दोव्हस्की चंद्रावर पडतो. तो अद्याप तेथेच आहे, असे लोककथा सांगते. याच मांत्रिकाने राजा झिग्मुंट आउगुस्ट याला त्याची दिवंगत राणी बार्बारा आरशाच्या साहाय्याने दाखविली, अशीही आख्यायिका आहे. त्याचा म्हणून सांगितला जाणारा धातूचा आरसा व्हेंग्रुव या गावच्या चर्चमध्ये जतन केलेला आहे.

विंदा करंदीकरांच्या भाषांतरामुळे मराठी वाचकाला गटेचा फाउस्ट अपरिचित नाही. या दोघांतील भेद ध्यानात घेण्यासारखा आहे. फाउस्टची शोकात्मिका ज्ञानाच्या अतृप्तीतून निर्माण होते. त्वार्दोव्हस्कीच्या कथेचा गाभा मात्र कराराच्या कलमात आहे. कोणता शब्द कोणत्या अर्थाने वापरला गेला, यावर येथे आत्म्याचे भवितव्य ठरते. 'रोम' हे शहराचेही नाव आहे आणि सराईचेही. म्हणजे ही कथा मुळातच शब्दार्थाच्या संदिग्धतेवर उभी आहे.

आदाम मित्स्क्येविच या कवीने १८२२ मध्ये विल्नो येथे प्रसिद्ध केलेल्या 'बॅलड्स आणि रोमान्स' या संग्रहात या कथेवर एक विनोदी बॅलड आहे. पोलिश रोमँटिसिझमचा आरंभ याच संग्रहापासून मानला जातो. बॅलडमध्ये त्वार्दोव्हस्की कराराचे आणखी एक कलम पुढे करतो. पकडले गेल्यावरही सैतानाकडून तीन कामे करवून घेण्याचा हक्क त्याने राखून ठेवलेला असतो. सराईच्या पाटीवर रंगविलेला घोडा जिवंत करणे आणि पवित्र जलात स्नान करणे ही कामे सैतान कशीबशी पार पाडतो. परंतु वर्षभर त्वार्दोव्हस्कीच्या पत्नीबरोबर संसार करण्याचे तिसरे काम ऐकताच तो पळ काढतो. १७९५ च्या फाळणीने पोलंड नकाशावरून पुसला गेला होता. अशा काळात देशी दंतकथेला प्रतिष्ठित काव्यात आणण्याच्या कृतीला सांस्कृतिक आत्मभानाचे परिमाण होते. पुढे क्राशेव्हस्कीची कादंबरी (१८४०) आणि विसाव्या शतकातील चित्रपट यांनी ही परंपरा पुढे नेली.

३

'विचर'चे कथाविश्व आंद्जेय सापकोव्हस्की या लेखकाचे. त्याची या विश्वातील पहिली कथा 'फान्तास्तिका' या मासिकात १९८६ मध्ये प्रसिद्ध झाली. नायक गेराल्ट हा मोबदला घेऊन राक्षसांचा नाश करणारा व्यावसायिक आहे. गावच्या फलकावरील सूचना वाचावी, मोबदला ठरवावा, काम पुरे करावे, हा त्याचा जीवनक्रम आहे आणि मूळ खेळाचा रूपबंधही त्याच क्रमावर आधारलेला आहे. करार ही गेराल्टची दैनंदिन क्रिया होय. विस्ताराने हीच सवय समस्या म्हणून समोर ठेवली आहे.

ओल्गिएर्द फॉन एव्हेरेक या उमरावाने लावलेली सूचना वाचून गेराल्ट ऑक्सनफर्ट नगराच्या गटारात लपलेल्या राक्षसाला मारतो. तो राक्षस वस्तुतः शापित परदेशी राजपुत्र असतो. त्याचे सैनिक गेराल्टला बंदी बनवून नेत असता गॉन्टर ओडिम नावाचा भटका माणूस सुटकेचा प्रस्ताव मांडतो. गेराल्ट तो स्वीकारतो आणि त्याच्या चेहऱ्यावर ऋणाची खूण उमटते. हे ऋण फेडण्यासाठी त्याने ओडिमच्या वतीने ओल्गिएर्दच्या तीन इच्छा पूर्ण करायच्या आहेत. त्या पूर्ण झाल्यावर ओडिम आणि ओल्गिएर्द दोघेही चंद्रावर उभे राहिले, म्हणजे ओल्गिएर्दचा आत्मा ओडिमचा होणार, असा जुना करार आहे.

मित्स्क्येविचची तीन कामे आणि लोककथेतील चंद्र यांची ही फेरजुळणी सूक्ष्म आहे. लोककथेत चंद्र हे सुटकेचे स्थान होते. येथे ते पकडीचे स्थान बनते. अशक्य वाटणारी अट अखेर एका उद्ध्वस्त मंदिरात पुरी होते. ओडिम फरशीवरची धूळ दूर सारतो आणि ते दोघे ज्यावर उभे आहेत त्या दगडी फरशीवर चंद्र कोरलेला दिसतो. सराईच्या पाटीवरील 'रोम'चे काम येथे फरशीवरील चित्र करते. दोन्ही ठिकाणी चिन्ह आणि चिन्हित यांच्यातील अंतर सैतानाच्या उपयोगी पडते. आणखी एक बदल महत्त्वाचा आहे. बॅलडमध्ये कामे सैतान स्वतः करतो. येथे ती तिऱ्हाइतावर सोपविली आहेत. त्यामुळे कथेतील दोष कोणाच्या पदरी टाकायचा, हा प्रश्न गेराल्टची भूमिका वठविणाऱ्या खेळाडूवर येऊन ठेपतो. युधिष्ठिर नलाच्या कथेचा श्रोता होता. गेराल्ट दुसऱ्याच्या कथेचा हस्तक होतो.

ओडिमचे 'आरसेवाला' हे उपनाम त्वार्दोव्हस्कीच्या आरशाचे स्मरण करून देते. मे २०१५ च्या मूळ खेळातही हा माणूस आरंभीच्या गावातील सराईत क्षणभर भेटतो, गेराल्टला उपयुक्त माहिती देतो आणि निघून जातो. तेथे तो निरुपद्रवी दुय्यम पात्र वाटतो. विस्तार वाचल्यानंतर मात्र तो प्रारंभीचा प्रसंग पूर्वीसारखा राहत नाही. फुकट मिळालेल्या त्या साहाय्याची किंमत कोण मोजत होते, अशी शंका उरते. नंतर जोडलेले उपाख्यान मूळ संहितेचे वाचन मागे जाऊन बदलते, याचा हा लक्षणीय दाखला होय.

४

ओल्गिएर्दची तिसरी इच्छा कथेच्या केंद्राकडे नेते. पत्नी आयरिसला अखेरच्या भेटीत दिलेला जांभळा गुलाब त्याला परत हवा असतो. कर्जात बुडालेले घराणे, हातची निसटू पाहणारी वधू आणि त्यातून स्वीकारलेला करार ही त्याची पूर्वकथा आहे. त्याला संपत्ती आणि अमरत्व मिळाले. मोबदल्यात भाऊ व्लोदिमिर गेला आणि हृदय दगड झाले. ज्या स्त्रीसाठी हा व्यवहार केला तिच्यावर प्रेम करण्याची शक्तीच त्यात खर्ची पडली. एकाकी मरण पावलेली आयरिस आता स्वतःच रंगविलेल्या चित्राच्या जगात आठवणींसह अडकून आहे. गेराल्टला त्या चित्रात शिरून विस्कटलेल्या आठवणींतील वस्तू जागच्या जागी लावाव्या लागतात. रंगविलेला घोडा जिवंत करण्याचा बॅलडमधील विनोद येथे शोकगंभीर रूपात परतला आहे, असे म्हणता येईल. गुलाब घेतला की ते चित्रविश्व आणि आयरिसचे उरलेसुरले अस्तित्व संपते. हा निर्णय खेळाडूचा आहे आणि कोणताही पर्याय त्याला निर्दोष ठेवीत नाही.

पहिली इच्छा व्लोदिमिरसंबंधी आहे. मृत भावाला एक रात्र आनंदात घालवता यावी, म्हणून त्याचे भूत गेराल्टच्या देहात शिरते आणि एका खेडुती लग्नाला जाते. लग्नाचे गाव ब्रोनोव्हित्स. हे नाव पोलिश वाचकाला ब्रोनोवित्से या खेड्याची आठवण देते. तेथील एका शेतकरी मुलीशी नोव्हेंबर १९०० मध्ये ल्युत्सियान रिदेल या कवीचा विवाह झाला. त्या प्रसंगावरून स्तानिस्वाव्ह विस्प्यान्स्कीने लिहिलेले 'लग्न' हे नाटक मार्च १९०१ मध्ये क्राकूवच्या रंगभूमीवर आले. त्या नाटकातही लग्नघरी इतिहासाची भुते अवतरतात, उठावाची हाक येते आणि शेवटी सारी मंडळी भारल्यासारखी निद्रिस्त नृत्यात फिरत राहतात. कृतिशून्य झालेल्या समाजाची ती निर्भर्त्सना होती. खेळातील लग्नात डुकरांची पाठलागी, नाचगाणे आणि थट्टामस्करी आहे. राजकीय दाह नाही. परतंत्र पोलंडमधील भुते राष्ट्राचा जाब विचारीत. स्वतंत्र पोलंडमधील, जागतिक बाजारपेठेसाठी घडविलेल्या संहितेतील भूत केवळ आणखी थोडे जगायला मागते. ही हानी नाकारता येत नाही. तथापि रात्र संपताना परतण्यास नकार देणाऱ्या व्लोदिमिरला ओडिम बळाने हाकलतो, तेव्हा हास्याखालची व्यथा उघडी पडते आणि त्या नाटकातील शेवटच्या नृत्याचा उदास सूर क्षणभर ऐकू येतो.

ओल्गिएर्दच्या उभारणीतही वाङ्मयीन स्मृती कार्यरत आहे. तलवार, कमरपट्टा आणि उच्छृंखल सोबत्यांची टोळी यांतून सतराव्या शतकातील पोलिश उमरावाचा नमुना उभा राहतो. आयरिसच्या माहेरचे बिलेव्हित्स हे आडनाव सिएन्किएविचच्या 'जलप्रलय' (१८८६) या कादंबरीतील नायिकेच्या घराण्याची आठवण जागी करते. त्या कादंबरीचा उद्दाम नायक क्मित्सित्स देशासाठी लढून प्रायश्चित्त घेतो. ओल्गिएर्दला असा राष्ट्रीय मार्ग उपलब्ध नाही. त्याचे प्रायश्चित्त, झालेच तर, दुसऱ्या माणसाच्या करुणेवर अवलंबून आहे.

५

मंदिरातील अखेरच्या प्रसंगी गेराल्ट गप्प राहू शकतो. करार वैध आहे, कलमे पुरी झाली आहेत, ओल्गिएर्दही निष्पाप नाही. त्याचे प्राण वाचवायचे तर स्वतःचा आत्मा पणाला लावून ओडिमचे कोडे सोडवावे लागते. ओडिमवर आयुष्यभर संशोधन करून खडूच्या रिंगणात कोंडून घेतलेला ऑक्सनफर्टचा प्राध्यापक हाच मार्ग सुचवितो. त्याचे ज्ञान त्याला स्वतःला मात्र वाचवू शकत नाही. रिंगणाबाहेर पाऊल पडताच तो मरतो. कोड्याचे उत्तर आरसा किंवा प्रतिबिंब. पण वाटेतले आरसे गेराल्ट जवळ जाताच फुटतात. शेवटी तो भिंत फोडतो, कोरड्या कारंज्यात पाणी भरते आणि त्या पाण्यात प्रतिबिंब दिसते. आरशाच्या नावाने वावरणारा येथे आरशानेच हरतो. शब्द आणि वस्तू यांच्यातील जी फट सैतानाने वापरली, तिचाच आधार मनुष्यही घेतो. ओल्गिएर्दला हृदय परत मिळते. त्याबरोबर साचलेली सारी वेदनाही परत मिळते.

या संहितेच्या मर्यादाही आहेत. युद्धाचे प्रसंग अनेकदा आशयाशी सांधा न जुळवता येतात आणि कथनाची लय मोडतात. ओफिर हा परदेश केवळ वेषभूषा, व्यापार आणि शापाचा विषय म्हणून येतो. शापित राजपुत्राला स्वतःचा आवाजच नाही. स्वतःच्या लोककथेबद्दल इतके सजग असलेले लेखकमंडळ दूरच्या पूर्वेला ठरीव साच्यात बसवते, ही विसंगती नजरेआड करता येणार नाही.

असे असूनही सुमारे दहा तासांच्या या विस्ताराने एक मोलाची गोष्ट साध्य केली आहे. लोककथा नव्या माध्यमात आणणे म्हणजे तिच्यातील पात्रे आणि पोशाख उचलणे, असा सर्वसाधारण समज असतो. येथे लोककथेची रचनाच, म्हणजे कलम, संदिग्ध शब्द आणि पळवाट ही तिची यंत्रणा, खेळाच्या नियमांत रूपांतरित झाली आहे. नियम मान्य करून खेळणारा प्रत्येक जण एक प्रकारचा करारच करीत असतो. कलमे पुरी झाली म्हणून आपली जबाबदारी संपली का, हा प्रश्न त्याला मंदिरातील त्या फरशीवर विचारला जातो. त्वार्दोव्हस्कीच्या कथेने तो कधी विचारला नव्हता, कारण तेथे दुसऱ्यासाठी पणाला लागणारा कोणी नव्हता. मौखिक कथा, बॅलड, कादंबरी आणि चित्रपट यांनंतर या परंपरेत पडलेली ही भर वाङ्मयेतिहासाने आपल्या कक्षेत घ्यावी, एवढे सामर्थ्य या उपाख्यानात निश्चितच आहे.