धावेपूर्वीची धाव

माझा भाचा गेली काही वर्षे नोकरीनिमित्त न्यूयॉर्क येथे राहतो. गेल्या वर्षी जूनच्या अखेरीस त्याने आपल्या आईस एक छायाचित्र पाठविले. चेहरा घामाने निथळलेला, छातीवर क्रमांकाचा कागद टाचलेला, सदऱ्यावर सात रंगांचा पट्टा आणि काही इंग्रजी अक्षरे. खाली एकच ओळ होती : नोव्हेंबरातील मॅरेथॉनचा सराव पुढल्या आठवड्यापासून, त्यापूर्वी ही एक गमतीची धाव. माझी अक्का सुरतेतच राहते. ती ते छायाचित्र घेऊन संध्याकाळी माझ्या घरी आली आणि म्हणाली, "तो खंय धांवलो रे, आनी हें आंगार कितें बरयलां?"

आमच्या घरात ज्या प्रश्नाचे उत्तर कोणासच द्यावयाचे नसते तो प्रश्न वकील म्हणून माझ्याकडे येतो. मी म्हणालो, "बागेतली शर्यत आहे, चार मैलांची." हे उत्तर खोटे नव्हते. परंतु न्यायालयात एखाद्या साक्षीदाराने मला असे उत्तर दिले असते तर मी त्यास एवढ्यावर सोडले नसते, हेही खरे. अक्काने मान डोलाविली व ती चहा न घेताच परत गेली. त्या दिवशी जे सांगावयाचे राहिले ते भाच्याची संमती घेऊन येथे लिहीत आहे. आणि माझ्या स्वभावाप्रमाणे ते थोडे मागून सुरू करणार आहे.

मॅरेथॉन ही शर्यत प्राचीन आहे अशी आपली समजूत असते. वस्तुतः ती १८९६ साली अथेन्स येथे, आधुनिक ऑलिंपिकच्या पहिल्या मेळाव्यात जन्मास आली. मिशेल ब्रेआल या फ्रेंच भाषापंडितास मॅरेथॉनच्या रणांगणावरून विजयाची वार्ता घेऊन धावलेल्या दूताची कथा आठवली आणि त्याने ही शर्यत सुचविली. अंतर सुमारे चाळीस किलोमीटर. स्पिरिदोन लुईस हा पाणी वाहणारा ग्रीक तरुण ती जिंकला, हे पुष्कळांस ठाऊक असते. परंतु त्या शर्यतीपूर्वी ग्रीकांनी आपसांत निवडीच्या शर्यती घेतल्या होत्या आणि त्यांपैकी एकीत हाच लुईस पाचवा आला होता, हे सहसा कोणी सांगत नाही. थोडक्यात, मोठ्या धावेपूर्वी एक हलकी धाव असावी ही रीत मॅरेथॉनइतकीच जुनी आहे. आज प्रचलित असलेले बेचाळीस किलोमीटर व एकशे पंचाण्णव मीटर हे अंतर १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये प्रथम धावले गेले व १९२१ मध्ये कायम ठरले.

या रीतीमागे शरीरशास्त्र आहे. मॅरेथॉनचा सराव सामान्यतः सोळा ते अठरा आठवड्यांचा असतो. दर आठवड्यास एक लांब धाव घ्यावयाची व ती क्रमाक्रमाने वाढवीत न्यावयाची. यकृतात व स्नायूंत साठविलेली साखर तीस-बत्तीस किलोमीटरांच्या सुमारास संपत येते आणि तेथून पुढे पाय जणू परक्याचे होतात. त्या अवस्थेची तयारी कोणी एका आठवड्यात करू शकत नाही. म्हणून सरावास आरंभ करण्यापूर्वी एखादी लहान शर्यत धावून पाहावी. आपला वेग कळतो, चार दिवसांत पाय पूर्ववत होतात, आणि हरलो-जिंकलो तरी कोणी विचारीत नाही. न्यूयॉर्कची मॅरेथॉन नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी असते. तेथून मागे मोजीत गेल्यास सरावाचा आरंभ जुलैत येतो, आणि जूनच्या शेवटी येते ती भाच्याची शर्यत.

मराठी मुलखात ही विद्या केव्हा आली? पुण्याच्या डेक्कन जिमखान्याची स्थापना १९०६ ची. त्याचे अध्यक्ष सर दोराबजी टाटा हे १९१९ साली तेथील क्रीडासामन्यांस उपस्थित होते. शेतात राबणारी, साध्या भाकरीवर वाढलेली मुले तेथे धावत होती. त्यांस युरोपीय नियमांची माहिती नव्हती. शंभर यार्डांची शर्यतसुद्धा वळणावरून घेण्याचे घाटत होते. परंतु सुमारे पंचवीस मैलांच्या लांब शर्यतीत त्यांतील काही मुले खडीच्या रस्त्यावरून अनवाणी धावली आणि त्यांनी घेतलेला वेळ पाहून दोराबजी चकित झाले. बक्षीस-समारंभास आलेले मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्यापाशी त्यांनी ऑलिंपिकचा विषय काढला, आणि १९२० साली हिंदुस्थानचा लहानसा संघ बेल्जममधील अँटवर्प येथे गेला. त्यात बेळगावचे फडेप्पा चौगुले होते, साताऱ्याचे दातार होते, हुबळीकडील एक धावपटू होते व दोन मल्ल होते. २२ ऑगस्टच्या मॅरेथॉनमध्ये अंतर नेहमीपेक्षा अधिक, म्हणजे पावणेत्रेचाळीस किलोमीटर होते. फिनलंडचे कोलेहमायनेन पहिले आले. चौगुले २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत एकोणिसावे आले. ज्यांनी काही महिन्यांपूर्वीच खेळाचे परदेशी नियम प्रथम ऐकले असतील त्या बेळगावच्या माणसाने जगात एकोणिसावे यावे, याचा अभिमान बेळगावात आज किती घरांत शिल्लक आहे याची मला शंका वाटते. आपण मल्लांची नावे जपली, धावणाऱ्यांची जपली नाहीत.

परंतु या शर्यतीचा इतिहास हा केवळ वेगाचा इतिहास नाही. आरंभरेषेवर कोणास उभे राहू द्यावयाचे, याचाही तो इतिहास आहे. १९२८ साली ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची आठशे मीटरांची शर्यत झाली. काही स्त्रिया दमलेल्या दिसल्या एवढ्या कारणावरून ती बंद झाली व १९६० पर्यंत पुन्हा आली नाही. दमलेला पुरुष म्हणजे वीर आणि दमलेली स्त्री म्हणजे अपघात, असा तो न्याय होता. १९६७ साली बॉस्टनच्या मॅरेथॉनमध्ये कॅथरीन स्वित्झर हिने आद्याक्षरांनी नाव नोंदवून प्रवेश मिळविला. धावता धावता एका अधिकाऱ्याने तिला ओढून बाहेर काढण्याचा प्रयत्न केला. ती शेवटपर्यंत धावली. बॉस्टनने स्त्रियांस रीतसर प्रवेश दिला १९७२ मध्ये, आणि ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची मॅरेथॉन झाली ती १९८४ मध्ये. पुरुषांच्या शर्यतीनंतर अठ्ठ्याऐंशी वर्षांनी!

आता भाच्याच्या सदऱ्यावरील अक्षरांकडे येतो. २८ जून १९६९ च्या रात्री न्यूयॉर्कमधील स्टोनवॉल नावाच्या एका मद्यगृहावर पोलिसांनी धाड घातली. तेथे समलिंगी स्त्रीपुरुष व तृतीयपंथी जमत असत. त्यांनी प्रतिकार केला. पुढील वर्षी त्याच दिवशी त्यांनी मोर्चा काढला आणि त्यास स्वाभिमानाचे नाव पडले. इंग्रजीत त्यास प्राइड म्हणतात. धावण्याची आवड असलेल्या अशा मंडळींनी १९७४ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे फ्रंट रनर्स हे मंडळ काढले व न्यूयॉर्कच्या शाखेने १९८२ मध्ये सेंट्रल पार्क या उद्यानात प्राइड शर्यत सुरू केली. स्टोनवॉलच्या पन्नासाव्या वर्षी, २०१९ मध्ये, तीत दहा हजारांवर माणसे धावली. त्यांत समलिंगी होते, नव्हते असेही होते, आईबाप होते, बाबागाडी ढकलणारे होते. सदऱ्यावर लिहिलेले असते ते एवढेच, की मी लपून धावत नाही.

आमच्या देशात या लोकांस लपावे का लागले, हे वकिलास सांगणे प्राप्त आहे. १८६० च्या भारतीय दंडसंहितेत कलम ३७७ आले ते मेकॉलेच्या मसुद्याच्या परंपरेतून; आमच्या धर्मशास्त्रातून नव्हे. आपल्या मंदिर-परिवारातील वाचकांनी ही गोष्ट ध्यानात घ्यावी असे मला आग्रहाने वाटते, कारण ते कलम म्हणजे आपलीच जुनी मर्यादा होती असे अनेक सज्जन समजून चालतात. १९३४ साली रघुनाथ धोंडो कर्वे यांच्यावर त्यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकातील प्रश्नोत्तरांबद्दल अश्लीलतेचा खटला झाला. वाचकांच्या प्रश्नांत समलिंगी संबंधांविषयीचे प्रश्नही होते. कर्व्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी मांडली. खटला हरला, दंड झाला. कायद्याचा विद्यार्थी असताना मी आंबेडकरांविषयी पुष्कळ वाचले. या खटल्याविषयी मला कोणी सांगितले नाही.

२ जुलै १९९९ रोजी कलकत्त्यात पंधराएक माणसे रस्त्याने चालत गेली; आपल्या पदयात्रेस त्यांनी मैत्रीचे नाव दिले होते. बरोबर दहा वर्षांनी, २ जुलै २००९ रोजी, दिल्ली उच्च न्यायालयाने प्रौढांच्या परस्परसंमतीच्या खाजगी वर्तनास कलम ३७७ लागू करता येणार नाही असा निर्णय दिला. मधल्या काळात, २००८ च्या ऑगस्टमध्ये, मुंबईकर मंडळींनी आपला मोर्चा काढला आणि आरंभस्थान निवडले ऑगस्ट क्रांती मैदान.

आणि सुरत? सुरत म्हटले की मराठी माणसास १६६४ आठवते किंवा काँग्रेसच्या मंडपात जोडा फेकला गेला ते १९०७. परंतु गुजरातेतील पहिला स्वाभिमान-मोर्चा अहमदाबादेत निघाला नाही, बडोद्यास निघाला नाही. तो ऑक्टोबर २०१३ मध्ये सुरतेत निघाला. हिऱ्यांच्या आणि कापडाच्या या गावास विचारांचा विटाळ नको असतो असे बाहेरचे लोक म्हणतात; मला ते पुरते खरे वाटत नाही. त्या मोर्च्यातील माणसांस कायद्याचे जे छत्र होते ते दिल्लीच्या निर्णयाचे. दोन महिने जेमतेम उलटले आणि ११ डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरविला. ऑक्टोबरात जी माणसे तोंड उघडे ठेवून चालली होती त्यांच्यावर डिसेंबरात पुन्हा गुन्ह्याची छाया पडली. पुढे २०१४ मध्ये तृतीयपंथीयांस स्वतःची ओळख सांगण्याचा अधिकार मिळाला, २०१७ मध्ये खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरला आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने संमतीच्या संबंधांपुरते ते कलम कायमचे निष्प्रभ केले. विवाहाचा हक्क मात्र ऑक्टोबर २०२३ मध्ये न्यायालयाने मान्य केला नाही. म्हणजे शर्यत संपलेली नाही.

२०१३ च्या डिसेंबरात माझा भाचा सुरतेत महाविद्यालयात होता. त्या आठवड्यात तो जेवणाच्या पानावरून दोनदा अर्धवट उठला, हे मला आज आठवते. निकालपत्र माझ्या मेजावर उघडे होते आणि मी त्यातील युक्तिवादाच्या गुणदोषांवर जेवताना बोलत होतो.

या विषयात देवाधर्माचा आधार शोधण्याची मला फारशी हौस नाही. तसे करणे हे पुष्कळदा वकिली चातुर्य होते. तथापि आपल्यापैकी अनेकांची कुलदेवता म्हार्दोळची श्रीमहालसा नारायणी आहे, आणि ती विष्णूचे मोहिनीरूप आहे, हे विसरून कसे चालेल? पोर्तुगीज अमदानीत आपल्या पूर्वजांनी वेर्ण्याहून तिला हलविले, पण तिच्यातील पुरुषत्व व स्त्रीत्व यांचा निवाडा करीत ते बसले नाहीत. चौगुल्यांच्या बेळगाव जिल्ह्यात सौंदत्तीच्या यल्लम्मेपाशी जोगप्पा स्त्रीवेशात सेवा करतात. गुजरातेत बहुचराजीच्या दारी तृतीयपंथीयांचा मान आहे. यावरून समलिंगी संबंधांविषयी शास्त्राज्ञा सिद्ध होते असे मी म्हणत नाही. त्या जोगप्पांच्या वाट्यास सुख आले असेही नाही. एवढेच म्हणतो, की वेगळे माणूस आपल्या देवळाच्या पायरीवर पूर्वीपासून उभे आहे.

गमतीच्या धावेचे एक उदाहरण तर आपल्या वारीतच आहे. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी वेळापुराजवळ आली की उतारावरून सारे वारकरी धावत सुटतात. येथूनच तुकोबांस पंढरीचा कळस दिसला व ते धावू लागले अशी श्रद्धा आहे. त्यास 'धावा' म्हणतात. तेथे क्रमांक नाही, पंच नाहीत. म्हातारी बाई तरुणाच्या बरोबरीने धावते आणि तुळस डोक्यावरून ढळू देत नाही. आषाढीचा हा धावा आणि न्यूयॉर्कची ती शर्यत पुष्कळ वर्षी एकाच पंधरवड्यात येतात. भाच्यास मी हे कळविले तेव्हा त्याने उत्तर लिहिले, "मामा, हे तुम्ही आईला सांगा."

सांगण्यास मला ऑगस्ट उजाडला. नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी मी अक्काकडे गेलो आणि जेवढे वर लिहिले आहे त्याच्या चौथाईने सांगितले. स्टोनवॉल नाही, कलमे नाहीत. तिने मला मध्येच थांबविले. "हांव जाणां," ती म्हणाली. तिला ते किती वर्षांपासून ठाऊक होते हे मी विचारले नाही. थोड्या वेळाने तिने बेचाळीस किलोमीटर म्हणजे किती, असे विचारले. मी म्हणालो, "सुरतेहून निघालीस तर नवसारी ओलांडून पुढे." ती बराच वेळ गप्प होती. मग तिने, इतके लांब धावताना त्याच्या बाजूने कोणी असते का, आणि त्या माणसाचे नाव काय, एवढे विचारले. मी नाव सांगितले. तिने ते दोनदा उच्चारून पाहिले.