हद्दपारी, ब्रिटिश संरक्षित प्रदेशांतील
संरक्षित प्रदेश ही कायद्याच्या दृष्टीने ब्रिटिश भूमी नसे. तेथील ब्रिटिश न्यायालयांची सत्ता १८९० चा परकीय अधिकारिता अधिनियम व त्याखालील राजाज्ञा यांवर आधारलेली होती. अनेक राजाज्ञांन्वये शांततेस धोकादायक वाटणाऱ्या व्यक्तीकडून न्यायालय जामीन मागे व तो न दिल्यास तिला हद्दपार करी. त्यासाठी गुन्हा सिद्ध होण्याची गरज नसे. झांझिबारमधील वकिलाती न्यायालयावरील अपिले मात्र काही काळ मुंबई उच्च न्यायालयाकडे येत.

या सत्तेची खरी कसोटी बहारीनच्या खटल्यात लागली. डिसेंबर १९५६ मध्ये राजघराण्यातील तिघांच्या न्यायालयाने राष्ट्रीय चळवळीच्या तीन नेत्यांना चौदा वर्षांची शिक्षा दिली. ब्रिटिशांनी १८६९ च्या बंदी-स्थलांतर कायद्याचा आधार घेऊन त्यांना सेंट हेलीना बेटावर नेले. १९६० मध्ये प्रिव्ही कौन्सिलने देहोपस्थितीचा अर्ज फेटाळला. पुढे नवीन अर्जात असे उघड झाले की, स्थलांतराची व्यवस्था खटल्यापूर्वीच ठरली होती. म्हणजे शिक्षा आधीच गृहीत धरलेली होती. सेंट हेलीनाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये ही कैद बेकायदा ठरवून तिघांची मुक्तता केली.